‘चांगला’ आणि ‘बने’: विशेषणाचा विकार आणि अनुवादाचा पेच

रायपूरच्या उत्तरेकडील भनपुरी ही औद्योगिक वस्ती छत्तीसगढीच्या भाषिक प्रदेशात मोडते. बिंबाजी भोसल्यांच्या अंमलापासून (१७५८) नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत (१८५४) या प्रदेशाचा मराठी राजसत्तेशी संबंध राहिला. ग्रियर्सन यांनी छत्तीसगढीची गणना पूर्वी हिंदीत केली. शेजार असूनही या दोन भाषांचे व्याकरण किती भिन्न आहे, हे ‘उत्तम’ या अर्थाच्या नित्य वापरातील विशेषणांवरून स्पष्ट होते.

‘चांगला’ या शब्दाचे मूळ प्राकृत ‘चंग’ हे होय. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या देशी शब्दांच्या कोशात त्याची नोंद केली. जुन्या मराठीतील ‘चांग’ या रूपाला पुढे ‘ल’ प्रत्यय लागला. मूळ रूप जोतिबाच्या ‘चांगभलं’ या जयघोषात टिकून आहे. हिंदीतील ‘भला-चंगा’ हा त्याच जोडीचा उलटा क्रम. मात्र तेथे अर्थ ‘निरोगी’ एवढाच उरला. मराठीत उलट अर्थविस्तार झाला: चांगला माणूस (नीती), चांगले कापड (प्रत), चांगले दोन तास (परिमाण). ‘ती चांगलीच संतापली’ येथे तर क्रियेची तीव्रता दाखवतानाही शब्द कर्त्याचे लिंग सोडत नाही.

छत्तीसगढी ‘बने’ मात्र अविकारी आहे. ‘बने टूरा’, ‘बने टूरी’ यांत रूपभेद नाही. क्षेमकुशल सांगणाऱ्या ‘बने-बने’ या उत्तरातही तेच रूप येते. डच ‘मोय’ (सुंदर) या दोहोंच्या मध्ये उभे आहे: नामापूर्वी ते बहुधा ‘मोये’ होते, विधेयस्थानी मात्र लिंगवचन कोणतेही असो, ‘मोय’च राहते.

हा भेद केवळ प्रत्ययांचा नाही. ‘ओ ह बने हे’ या वाक्यातील व्यक्ती पुरुष की स्त्री, हे छत्तीसगढी लेखक अनुक्त ठेवू शकतो. तेथे सर्वनाम आणि क्रियापदही लिंग उघड करीत नाहीत. मराठी अनुवादकाला ‘तो चांगला’, ‘ती चांगली’ किंवा ‘ते चांगले’ यांतून निवड करणे भाग पडते. मुळातील मौन लेखकाने हेतुपूर्वक राखले असेल, तर अनुवादात ते पहिल्याच विशेषणाशी भंगते. तौलनिक अभ्यासकाने शब्दार्थाइतकाच या व्याकरणिक सक्तीचा विचार करणे त्यामुळे अगत्याचे ठरते.