आरसा गेला, ओझं उतरलं

मंडळी, सत्तरी ओलांडली की माणूस कुठलीही वस्तू उचलण्याआधी तिचं वजन मनातल्या मनात तोलतो. भाजीची पिशवी, नातू... आणि कॅमेरासुद्धा! माझा डीएसएलआर झूम लेन्ससकट दीड किलोच्या आसपास भरतो. निवृत्तीनंतर गावोगावचे वीरगळ टिपायचा नाद लागला आहे. बांधावरचा वीरगळ पुढच्या खेपेला तिथे असेलच असं नाही. रस्ता रुंद होतो, देवळाचा जीर्णोद्धार होतो, दगड हलवला जातो. अशा वेळी कॅमेरा ऐनवेळी बंद पडला तर? म्हणून जोडीला एक हलका मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा घेतला. तोही वापरलेला. "बाबा, नवाच घ्यायचा ना!" असं घरातून ऐकावं लागलंच. त्याचं उत्तर इतिहासाच्या मास्तराला शोभेल असं, म्हणजे जरा लांबलचक आहे.

गोष्ट सुरू होते जर्मनीतल्या वेट्झलार गावात. लाइट्झ कंपनीतले ऑस्कर बार्नाक यांना दम्याचा विकार. फोटोग्राफीची हौस दांडगी, पण काचेच्या प्लेटा, स्टँड आणि तो अवजड डबा घेऊन डोंगर चढणं झेपेना. १९१३-१४ च्या सुमारास त्यांनी सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी फिरवून, दोन चौकटींची एक करून २४ × ३६ मिमीचं चित्र घेणारा खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. मग पहिलं महायुद्ध आलं. शेवटी १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो 'लायका' म्हणून लोकांसमोर आला. एवढ्याशा निगेटिव्हला अनेकांनी नाकं मुरडली, पण पुढे वृत्तछायाचित्रणाची रीतच त्याने बदलली. दम लागणाऱ्या एका माणसाची सोय जगाची सोय झाली, बघा!

मग आरसा कशाला आला? लायकात डोळा एका खिडकीतून बघतो आणि फिल्म दुसऱ्या भिंगातून. जवळच्या वस्तूला हा फरक बाधतो. भिंगातून येणारा प्रकाश ४५ अंशातल्या आरशावरून वर वळवला आणि प्रिझममधून डोळ्यापर्यंत नेला, की जे दिसतं तेच फोटोत येतं. बटण दाबलं की आरसा खट्‌कन वर उडतो. १९५९ च्या निकॉन एफने ही पद्धत व्यावसायिकांत रुजवली. पण आरशाला हलायला जागा लागते! निकॉनमध्ये भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी. कॅमेरा जाड झाला, जड झाला.

त्याच १९५९ साली जपानमध्ये ऑलिंपसच्या योशिहिसा मैतानी या तरुण अभियंत्याने 'पेन' काढला. पेनासारखा जवळ बाळगावा म्हणून हे नाव. अर्धी चौकट वापरल्यामुळे ३६ च्या रोलवर ७२ फोटो! पुढे १९७२ मध्ये त्यांनी आरसा ठेवूनही अंग चोरलेला कॅमेरा केला. तोच ओएम-१.

डिजिटल युगात सेन्सर जे बघतो ते थेट छोट्या पडद्यावर दाखवता येऊ लागलं आणि आरशाचं कामच संपलं. २००८ साली पॅनासॉनिकचा जी१ आला, २००९ मध्ये ऑलिंपसचा ई-पी१. बैठक ते सेन्सर अंतर सुमारे २० मिमी! सुरुवातीला यांनाही 'जोडीचा कॅमेरा' म्हणूनच लोक घेत. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉननेही फुल-फ्रेम मिररलेस काढले, तेव्हा जोडीदाराचा घरधनी झाला.

मी घेतला तो ऑलिंपसचा ई-एम१०, २०१४ सालचा. बॅटरीसकट ४०० ग्रॅमच्या आत. डोक्यावर जुन्या ओएमसारखाच उंचवटा, पण आत प्रिझम नाही. हाताचा कंप सावरायला सेन्सर स्वतः हलतो, ही माझ्या वयाला मोठीच मदत. आणि २००८ ची ती बैठक आजही चालते, त्यामुळे आज बाजारात येणारी भिंगंही त्याला बसतात. म्हणूनच जुना घेण्यात तोटा वाटला नाही.

घेताना भिंगातून टॉर्च मारून बुरशी बघितली. आपल्या पावसाळी हवेत ती लागतेच. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवर डाग आहेत का ते तपासलं. शटर किती वेळा चाललंय तेही पाहिलं. एक उणीव मात्र सांगतो. आरशाला वीज लागत नव्हती, या पडद्याला सतत लागते. म्हणून जादा बॅटरी खिशात ठेवावीच.

असो. आता दोन कॅमेऱ्यांत मुख्य कोणता आणि जोडीचा कोणता, हे मी ठरवलेलं नाही. ते माझे हात ठरवतील. तुमच्या गावी एखादा वीरगळ असेल तर जरूर कळवा.