विमा कंपनीच बुडाली तर अपघाताची भरपाई कोण देणार? वसुली वाहनमालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते

ट्रॅक्टर असो, पिकअप असो की दुचाकी, विमा काढायचा अन् कागद डिकीत टाकून विसरायचं, ही गावाकडची रीत. पण अपघाताचा दावा कोर्टात चालू असताना विमा कंपनीच बुडाली तर? जखमीला किंवा मयताच्या घरच्यांना पैसे कोण देणार, हे प्रत्येकाला माहीत असायला हवं.

बँकेसारखी हमी नाही
बँक बुडाली तर ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत ठेव विमा मिळतो. विमा कंपनी बुडाली तर भरपाई देणारा असा निधी आपल्या देशात नाही. त्याऐवजी 'इर्डा' ही नियामक संस्था कंपन्यांवर लक्ष ठेवते. कंपनीचं सॉल्व्हन्सी प्रमाण, म्हणजे देणी भागवायची ताकद, किमान १.५ लागते. कंपनी डळमळली तर इर्डा प्रशासक नेमू शकते. सहारा लाइफ या आयुर्विमा कंपनीवर २०१७ मध्ये प्रशासक बसला आणि २०२३ मध्ये तिच्या पॉलिसी एसबीआय लाइफकडे देण्याचा आदेश निघाला.

आयर्लंडमध्ये काय झालं?
सेटांटा ही वाहन विमा कंपनी २०१४ मध्ये बंद पडली. तिथे सुमारे ७५ हजार वाहनधारक तिचे ग्राहक होते. पैसे कोणत्या निधीतून द्यायचे, हा वाद सुप्रीम कोर्टात गेला. निकाल २०१७ मध्ये लागला. तिथल्या भरपाई निधीतून ६५ टक्केच रक्कम मिळत होती. २०१८ मध्ये कायदा बदलला, तेव्हा अपघातग्रस्तांना पूर्ण भरपाईची सोय झाली.

आपल्याकडे जबाबदारी कोणाची?
कंपनी बुडाली म्हणून दावा बुडत नाही. दोष ठरला तर चालक आणि मालकाची जबाबदारी कायम राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ नुसार भरपाईची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करता येते. म्हणजे एकीकडे जखमीचं घर पैशाची वाट बघतं, तर दुसरीकडे हप्ता वेळेवर भरलेल्या मालकाची जमीन अडचणीत येते.

काय करावं?
– अपघातग्रस्तांनी ६ महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा. राहत्या भागातल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो.
– दाव्यात कंपनीबरोबर मालक आणि चालकालाही सामनेवाले करावं.
– कंपनी अवसायनात गेली तर नेमलेल्या अवसायकाकडे वकिलामार्फत मागणी नोंदवावी.
– मालकांनी लगेच दुसऱ्या कंपनीचा विमा घ्यावा. विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्या वेळी २ हजार रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.
– पॉलिसी, हप्त्याची पावती, एफआयआर, पंचनामा आणि दवाखान्याची बिलं यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवावेत, अस्सल कागद घरात जपावेत.

विमा घेताना हप्ता किती स्वस्त हे सगळेच विचारतात. कंपनीचं सॉल्व्हन्सी प्रमाण किती, हेही एकदा एजंटला विचारावं. कंपनीच्या वेबसाइटवर ते बघायला मिळतं.