शेल्टरमधून आणलेलं मांजर बुजतंय? आधी एक खोली द्या, घर नंतर

माहूर (वार्ताहर) : मांजर आणायचं म्हटलं की आपल्याकडं ठरलेली पद्धत आहे. पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं, मोटारसायकलवर आणायचं आणि ओसरीत पोतं सोडायचं. मीपण दोन वर्षांखाली उंदरांच्या त्रासानं असंच एक आणलं. पोतं सोडलं तसं ते भिंतीवर, भिंतीवरून पत्र्यावर, आणि गेलं ते गेलंच. मागच्या दिवाळीत पुतणीनं पुण्याच्या एका शेल्टरमधलं मांजर आमच्याकडं आणून ठेवलं, तिच्या घरमालकाला चालत नव्हतं म्हणून. ते मात्र राहिलं. आता पोरं पुण्या-मुंबईहून अशी मांजरं गावाकडं आणायलेत, म्हणून हे लिहितोय.

शेल्टरचं मांजर पिंजऱ्यात, कुत्र्यांच्या भुंकण्यात राहिलेलं असतं. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचा हात लागला नसेल, तर पुढं माणसाची सवय व्हायला फार वेळ लागतो. त्याला माजोरडं म्हणू नका, ते भ्यालेलं असतं. कुत्रं माणसाला लागतं, मांजर घराला, असं आपण म्हणतो त्यात तथ्य आहे. मांजर गाल घासून वस्तूंना आपला वास लावतं आणि त्या वासावर जागा ओळखतं. नव्या घरात त्याचा वासच नसतो.

म्हणून आणताना पोतं नको. टोमॅटोच्या दोन कॅरेट एकमेकींवर पालथ्या घालून दोरीनं बांधा, आत त्याचं जुनं फडकं टाका, वरून चादर झाका. घरी आल्यावर थेट एका खोलीत न्या, दार-खिडकी लावा, मगच सोडा. खोलीत एका कोपऱ्यात पाणी आणि खाणं, लांबच्या कोपऱ्यात जुन्या घमेल्यात वाळू. आणि एक खोका, बाजूला भोक पाडून, आडवा ठेवलेला. हा खोका सगळ्यात महत्त्वाचा. नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये नव्या मांजरांवर अभ्यास झाला, तो 2014 साली छापून आला. ज्यांना लपायला खोका दिला, ती पहिल्या दिवसांत कमी ताणात होती. खोक्यातून ओढून काढायचं नाही. आमचं तीन दिवस दिसलंच नाही, फक्त सकाळी ताटली रिकामी असायची. त्याच्या बसायचं फडकं लगेच धुवू नका, वास जातो.

आपल्याकडं रिकामी खोली म्हणजे कापसाची नाहीतर फवारणीच्या सामानाची. तिथं ठेवायचं असेल तर औषधाचे डबे, पंप, उंदराचं औषध आधी बाहेर काढा. मांजर अंग चाटतं, पायाला लागलेलं पोटात जातं. औषध खाऊन मेलेला उंदीर खाल्ला तरी विषबाधा होऊ शकते. बैलाच्या गोचिडाचं औषध मांजराला लावू नका. परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन असली औषधं त्याच्या शरीराला निकामी करता येत नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेते.

खाण्यात नुसती दूध-भाकर चालत नाही. मोठ्या मांजरांना बरेचदा दूध पचत नाही, हगवण लागते. उकडलेलं अंडं, बिनमसाल्याची कोंबडी, मासळी द्या. कांदा-लसूण असलेलं कालवण नको. सलग दोन दिवस काहीच खाल्लं नाही किंवा तोंड उघडून धापा टाकायलं, तर थांबू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

जवळीक कशी करायची? खोलीत जाऊन जमिनीवर बसा, मोबाईल बघा, काही निवडत बसा. टक लावून बघू नका. नजर गेलीच तर डोळे हळू मिटा, हळू उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात अशी हळू पापणी मिटवणाऱ्या माणसाकडं मांजरं जास्त आल्याचं दिसलं. मला आधी हसू आलं होतं. बाराव्या दिवशी ते माझ्या पायाला घासून गेलं. लेकरांना मात्र धरू देऊ नका, पहिला ओरखडा तिथंच बसतो.

ओरखडा किंवा चावा बसलाच तर हळद-चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लसीसाठी जा. मांजरालाही तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस देता येते. शेल्टरमधून आणताना लसीचं कार्ड मागून घ्या.

तीन-चार आठवडे बाहेर सोडू नका. पहिल्यांदा सोडायचं ते जेवणाच्या वेळेआधी, भुकेलं असताना, म्हणजे ताटलीच्या आवाजानं परत येतं. नवरात्रात गडावरच्या गर्दीच्या दिवसांत, दिवाळीच्या फटाक्यांत, वरातीच्या डीजेत सोडूच नका.

तरी पळालंच, तर लांब शोधू नका. भ्यालेलं मांजर बहुतेक वेळा आसपासच्या घरांत, कडब्याच्या गंजीत, पत्र्याच्या सांदीत दडतं. रात्री सगळं शांत झाल्यावर बॅटरी घेऊन फिरा, डोळे चमकतात. त्याचं फडकं आणि खाणं दाराबाहेर ठेवा आणि दार उघडं ठेवून आत बसा. हाका मारत पाठीमागं पळालं की ते आणखी पुढं जातं. मी पहिल्या मांजराच्या वेळी नेमकं तेच केलं होतं.