आधी छेद शोधा: गडचिरोलीतल्या तीन अभ्यासांचा इतिहास

सार्वजनिक आरोग्यात पीएचडी करायची म्हटलं की पहिला प्रश्न विषयाचा येतो आणि दुसरा डेटाचा. पेट परीक्षेची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "जिल्हा रुग्णालयाची नोंदवही बघायला मिळाली तर त्यावर सिनॉप्सिस होईल ना?" होईल की. पण सिनॉप्सिस लिहायच्या आधी त्या नोंदवहीला एक प्रश्न विचारायला हवा: यात कोण कोण नाहीये?

शाळेतला अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. आरोग्याच्या संशोधनात अंश म्हणजे आजारी पडलेले किंवा दगावलेले लोक, आणि छेद म्हणजे ज्यांच्यापैकी ते आजारी पडले ते सगळे. रुग्णालयाच्या नोंदवहीत फक्त अंश असतो, आणि तोही अर्धामुर्धा, कारण जो दवाखान्यापर्यंत पोचला तोच तिथे लिहिला जातो. बसभाडं नाही म्हणून, एका दिवसाची मजुरी बुडेल म्हणून किंवा लाज वाटते म्हणून जी बाई आलीच नाही, ती अंशातही नाही आणि छेदातही नाही. सरकारी नियोजन मात्र याच आकड्यांवर चालतं.

हा पेच सोडवण्याचा एक चांगला इतिहास आपल्याच राज्यात घडला आहे. गडचिरोलीत 1989 ते 1999 या दहा वर्षांत झालेल्या तीन अभ्यासांबद्दल मी लिहिणार आहे. तिन्ही ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यांचे निष्कर्ष बऱ्याच जणांना माहीत असतात. आपण बघूया मोजणी कशी केली ते.

पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. जंगल, विखुरलेली छोटी गावं, मोठी आदिवासी लोकसंख्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले आणि 1986 मध्ये इथे कामाला लागले. त्यांची संस्था म्हणजे ‘सर्च’.

गावातल्याच बाईला शिकवून तिच्याकडे आरोग्याचं काम सोपवायचं, ही कल्पना तेव्हा अगदी नवी नव्हती. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून ते करून दाखवलं होतं. गडचिरोलीत त्यात भर पडली ती काटेकोर मोजमापाची.

पहिला अभ्यास, 1989: न आलेल्या बायका

तोपर्यंत सरकारी कार्यक्रमात स्त्रियांचं आरोग्य म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. अंगावरून पांढरं जाणं, पाळीचा त्रास, जननमार्गातला संसर्ग यांचं प्रमाण किती, याचं विश्वासार्ह उत्तर नव्हतं. दवाखान्यात येणाऱ्या बायका मोजून ते मिळणारही नव्हतं.

म्हणून बंग दांपत्य आणि सहकाऱ्यांनी दोन गावं घेतली. तक्रार असो वा नसो, गावातल्या बायकांना तपासायचं असं ठरलं. एकूण 650 जणींचा अभ्यास झाला. त्यांच्यापैकी 55 टक्के जणींनी काही ना काही तक्रार सांगितली, 45 टक्के जणींनी काहीच सांगितली नाही. तपासणीनंतर मात्र 92 टक्के जणींना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचं आढळलं. दर बाईमागे सरासरी 3.6 आजार होते आणि त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गाचा होता. याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के.

आता हे आकडे शेजारी ठेवून बघा. 650 पैकी जवळपास 600 जणींना आजार होता आणि तपासणी झालेल्या साधारण 50. डॉक्टरांच्या नोंदींवरून अभ्यास केला असता तर फार तर या 50 जणी सापडल्या असत्या, आणि आपण लिहून मोकळे झालो असतो की ग्रामीण भागात स्त्रीरोगांचं प्रमाण कमी आहे.

दुसरी गोष्टही टिपून ठेवा. नुसती प्रश्नावली घेऊन घरोघर गेलो असतो तरी उत्तर 55 टक्क्यांवर थांबलं असतं. ज्या त्रासासोबत जगायची सवय झालेली असते, तो ‘तक्रार’ म्हणून सांगितला जात नाही. म्हणजे छेद बरोबर असूनही मोजण्याचं साधन तोकडं पडू शकतं.

इथे परीक्षक नेमका एक प्रश्न विचारतो: जे तपासणीला आलेच नाहीत त्यांचं काय? समजा, त्रास असलेल्याच बायका जास्त आल्या, तर टक्केवारी फुगते. कुठलाही सर्वेक्षणाचा पेपर वाचताना पात्र किती होते, आले किती आणि न आलेले कसे वेगळे होते, या तीन गोष्टी आधी शोधायच्या. स्वतःच्या सिनॉप्सिसमध्येही त्यासाठी जागा ठेवायची.

दुसरा अभ्यास, 1990: शेजारची गावं

दुसरा प्रश्न होता लहान मुलांच्या न्यूमोनियाचा. 58 गावांत (पाच वर्षांखालची 6176 मुलं) लोकशिक्षण केलं गेलं, आणि गावातले आरोग्य कार्यकर्ते, निमवैद्यकीय कर्मचारी आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. तुलनेसाठी 44 गावं (4947 मुलं) घेतली.

वर्षभरात न्यूमोनियाच्या 612 रुग्णांवर उपचार झाले. त्यांच्यापैकी दगावले 0.8 टक्के. तुलनेच्या भागात हेच प्रमाण 13.5 टक्के होतं. बातमीसाठी हा आकडा झकास आहे, पण संशोधकाने इथे जरा थांबावं. जिथे कार्यकर्ते दारोदार फिरून आजार शोधतात, तिथे सौम्य खोकल्याची पोरंसुद्धा ‘रुग्ण’ म्हणून नोंदली जाऊ शकतात. रुग्ण वाढले की छेद वाढतो, आणि एकही जास्तीचा जीव न वाचवता टक्केवारी खाली येऊ शकते.

म्हणून खरा पुरावा दुसऱ्या आकड्यात आहे. दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू: उपचाराच्या गावांत 8.1, तुलनेच्या गावांत 17.5. इथे छेद गावातली सगळी मुलं हा आहे. कोणाला रुग्ण म्हणायचं, यावरून तो हलत नाही.

तरी एक शंका उरतेच. मृत्यूचं कारण ठरवताना चूक झाली तर? कार्यकर्त्यांच्या गावातला न्यूमोनियाचा मृत्यू भलत्याच कारणाखाली लिहिला गेला तर? याचं उत्तर एकूण बालमृत्युदरात मिळतं, कारण तिथे कारणाचा संबंधच येत नाही. तो होता 28.5 विरुद्ध 40.7. मूल जिवंत आहे की नाही, एवढंच मोजायचं.

तिसरा अभ्यास, 1993 ते 1999: घरातलं नवजात बाळ

बालमृत्यू कमी झाले तरी पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू उरतातच. गडचिरोलीत तेव्हा बहुतेक बाळंतपणं घरीच होत. नवजात बाळाच्या गंभीर आजारावर उपाय एकच समजला जाई: रुग्णालय. आणि रुग्णालय तर लांब आणि महाग.

या अभ्यासात 39 गावं उपक्रमाची आणि 47 गावं तुलनेची होती. 1993 ते 1995 अशी दोन वर्षं आधी नुसती मोजणी झाली. नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे एकीकडे 62 आणि दुसरीकडे 58 निघाला. म्हणजे सुरुवातीला दोन्ही भाग सारखेच होते.

मग 1995 ते 1998 मध्ये प्रशिक्षित आरोग्यदूत घरोघर जाऊन बाळांची काळजी घेऊ लागल्या. जन्मल्यावर श्वास न घेणारं बाळ, कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ, थंड पडलेलं बाळ, अंगावर न पिणारं बाळ यांना कसं सांभाळायचं, हे त्या शिकल्या. पुढे सेप्सिस म्हणजे रक्तात पसरलेला जंतुदोष ओळखून त्यावर प्रतिजैविकही देऊ लागल्या, इंजेक्शनसकट. तिसऱ्या वर्षी 93 टक्के नवजात बाळांपर्यंत ही सेवा पोचली होती.

तिसऱ्या वर्षी उपक्रमाच्या गावांत नवजात मृत्युदर 25.5 वर आला. पेपर म्हणतो, निव्वळ घट 62.2 टक्के. इथे विद्यार्थी गोंधळतात, कारण 62 वरून 25.5 म्हणजे घट 59 टक्क्यांची होते. मग वरचे तीन टक्के आले कुठून? तुलनेच्या गावांतून. तिथला दर त्या काळात 58 वरून जवळपास 60 झाला. काहीच केलं नसतं तर इथेही तो तेवढाच चढला असता, असं धरून दोन्ही फरक एकत्र घेतले जातात. संख्याशास्त्रात ‘फरकांतला फरक’ म्हणतात तो हाच. व्हायवात विचारला तर या उदाहरणावरून समजावता येईल.

मला या अभ्यासातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट एका साध्या वाक्यात दिसते. जन्म आणि मृत्यू नोंदवणारे कर्मचारी वेगळे होते, सेवा देणाऱ्या आरोग्यदूत वेगळ्या. ज्याने बाळ सांभाळलं त्यालाच ते दगावलं का हे लिहायला सांगितलं, तर नकळत का होईना, कल झुकतो. कागदावर मृत्यू कमी करण्याचा सोपा रस्ता म्हणजे जन्मून लगेच दगावलेल्या बाळाला ‘मृत जन्मलं’ असं लिहिणं. तसं झालं असतं तर नवजात मृत्युदर घटला असता, पण मृतजन्म आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू एकत्र धरणारा पेरिनेटल मृत्युदर तसाच राहिला असता. तोही घटला, निव्वळ 71 टक्क्यांनी. पळवाट कुठे असू शकते हे ओळखून ती बंद करणारा आकडा सोबत दिलेला आहे.

अवघड प्रश्न

सेप्सिसचे आकडे बघा. आरोग्यदूतांचे उपचार सुरू होण्याआधी 163 बाळांना सेप्सिस झाला, त्यातली 16.6 टक्के गेली. उपचार सुरू झाल्यावर 71 बाळांना झाला, त्यातली 2.8 टक्के गेली. टक्केवारी उलगडली तर 27 बाळं आणि 2 बाळं.

पद्धतीच्या बाजूने म्हणता येईल की ही आधी आणि नंतरची तुलना आहे, दोन्ही काळांतली बाळं सारखीच आजारी होती असं गृहीत धरता येत नाही. ते बरोबर आहे. पण ती 27 बाळं हा निव्वळ पद्धतीचा प्रश्न राहत नाही. आधीची स्थिती मोजल्याशिवाय पुरावा उभा राहत नाही, आणि मोजत असताना घराघरांत बाळं जात असतात. तुलनेच्या 47 गावांबद्दलही तेच म्हणता येईल. दुसऱ्या बाजूला हेही खरं, की एका जिल्ह्यातल्या बाळांबाबत पक्का पुरावा मिळाला नसता तर गावातल्या बाईच्या हाती इंजेक्शन देणं सुरक्षित असू शकतं यावर कोणी विश्वास ठेवला नसता. तुमच्या अभ्यासातही असा क्षण येऊ शकतो. ‘मोजताना आजारी माणूस सापडला तर मी काय करणार?’ याचं उत्तर नीतिमत्ता समितीच्या फॉर्मवर लिहायच्या आधी स्वतःपाशी तयार हवं.

शिवाय या गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. त्यामुळे न दिसणारा एखादा फरक दोन भागांत असू शकतो. दोन वर्षांची आधीची मोजणी ही शंका कमी करते, पुरती मिटवत नाही.

पुढे काय झालं

2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आल्या आणि 2011 मध्ये घरगुती नवजात काळजीच्या मार्गदर्शक सूचना देशभर लागू झाल्या. बाळंतपण रुग्णालयात झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशाताईंनी घरी जायचं. घरी झालं तर पहिल्या दिवशीही.

पण गडचिरोलीचे 62 टक्के उचलून देशाला लावता येत नाहीत. मूळ अभ्यासात आरोग्यदूत इंजेक्शन देत होत्या, दर पंधरा दिवसांनी पर्यवेक्षक गावात येत होता. आशाताईंच्या नेहमीच्या कामात इंजेक्शन नाही, आणि त्यांच्या डोक्यावर इतर कार्यक्रमांची ढीगभर कामं आहेत. मोबदल्यासाठी महाराष्ट्रातल्या आशांना 2021 आणि 2023 मध्ये संप करावा लागला. सेवा देणाऱ्या बाईची कामाची परिस्थिती बदलली की सेवाही बदलते, आणि मग जुन्या पेपरमधला आकडा नव्या कार्यक्रमाचा राहत नाही. ज्यांना विषय सुचत नाहीये, त्यांनी इथे थांबून विचार करावा. आशांच्या कामाचे तास, मोबदला आणि गृहभेटींची गुणवत्ता यांचा संबंध आपल्या तालुक्यात कसा आहे, हा पीएचडीला पुरेल एवढा प्रश्न आहे.

तो घेतलात तर सुरुवात अशी करा. आशाताईंच्या डायरीतल्या भेटी मोजू नका, तो अंश आहे. गावात त्या वर्षी जन्मलेल्या प्रत्येक बाळाची यादी आधी तयार करा: अंगणवाडी, उपकेंद्र, दाई आणि शेजारपाजार, सगळीकडून. माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकी आणि ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं यादीतून हमखास निसटतात, त्यांच्यासाठी वेगळी फेरी ठेवा. याला दोन-तीन महिने जातील, गाइड विचारतील की प्रश्नावली कधी भरायला घेणार. त्यांना ही यादी दाखवा.