थांबणाऱ्याचा नफा

घरांतील जुना संगणक आतांच सुधारून घ्यावा, कीं आणखी वर्षभर थांबावें, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु तो ज्या घरीं पडतो त्या घरीं तो क्षुल्लक राहत नाहीं. अहिल्यानगराहून सोलापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कर्जत तालुक्यांत, मिरजगांव म्हणून एक गांव आहे. तेथील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत हा प्रश्न गेलें वर्षभर चर्चिला जात आहे. २०१५ सालीं घेतलेला एक लहानसा संगणक. त्याच्यावरच दुकानाचा जमाखर्च, बँकेचे व्यवहार आणि कन्येचा पदवीचा अभ्यास. तो चालू होईपर्यंत चहा होऊन जातो. वडील म्हणतात, "थांबूं या, पुढील वर्षीं याच पैशांत याहून चांगला मिळेल." कन्या म्हणते, "पुढील वर्षीं माझी परीक्षाच होऊन गेलेली असेल." दोघांच्याही बोलण्यांत तथ्य आहे, म्हणूनच वाद मिटत नाहीं. त्याचा निकाल दुकानदाराच्या दरपत्रकांत सांपडण्यासारखा नाहीं. तो थोडाबहुत इतिहासांत सांपडेल, असें आम्हांस वाटतें.

"थांबेल त्याला स्वस्त मिळेल" हें वडिलांचें मत आकाशांतून पडलेलें नाहीं; त्यालाही एक जन्मसाल आहे. पुढें इंटेल कंपनीच्या संस्थापकांत ज्यांची गणना झाली त्या गॉर्डन मूर यांनीं १९६५ सालीं असें निरीक्षण नोंदविलें कीं, सिलिकॉनच्या एका चिपवर बसविल्या जाणाऱ्या घटकांची संख्या दर वर्षीं दुप्पट होत आहे. १९७५ सालीं त्यांनीं दुपटीचा हा काळ दोन वर्षांचा धरला. हा कांहीं निसर्गाचा नियम नव्हे. तो एका धंद्याच्या प्रगतीचा ताळेबंद होता. परंतु तो इतकीं वर्षें जुळत गेला कीं, लोक त्यास नियम म्हणूं लागले. १९९३ सालचा पेंटियम ६० मेगाहर्ट्झ वेगानें चाले. २००४ च्या अखेरीस पेंटियम ४ चा वेग ३८०० मेगाहर्ट्झवर पोंचला. अकरा वर्षांत साठपटींहून अधिक! अशा काळांत थांबणाऱ्यास खरोखरच व्याज मिळत असे, आणि घाईनें घेणाऱ्यास पश्चात्ताप.

ह्या व्याजाचा हिशेबही विद्वानांनीं मांडून ठेवला आहे. १९९९ सालीं अमेरिकेंतील ॲरिझोना विद्यापीठांतील कांहीं खगोलशास्त्रज्ञांनीं अर्ध्या विनोदानें एक निबंध लिहिला. संगणकांची शक्ति दर १८ महिन्यांनीं दुप्पट होते असें धरलें, तर जें गणित आजच्या यंत्रावर २६ महिन्यांहून अधिक काळ चालणार असेल तें आज आरंभूंच नये. कांहीं काळ खुशाल आराम करावा आणि मागाहून वेगवान यंत्र घेऊन तेंच गणित आधीं संपवावें, असा त्यांचा निष्कर्ष होता. आम्हीं ताळा करून पाहिला. ४० महिन्यांचें गणित ११ महिने थांबून नव्या यंत्रावर घातलें, तर एकंदर सुमारें ३७ महिन्यांत तें सुटतें. तेव्हां विनोद असला तरी हिशेब चोख आहे. मात्र त्याच हिशेबाची दुसरी बाजू लोक विसरतात: ज्याचें काम २६ महिन्यांच्या आंत उरकणारें आहे, त्याला थांबून कांहींच मिळत नाहीं. शिवाय ह्या हिशेबांत आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, काम करतां करतां काम करणारा मनुष्य कांहीं शिकत नाहीं.

हें गृहीत किती फसवें आहे, हें पाहावयास आपणांस मुंबईस गेलें पाहिजे. होमी भाभांनीं १९४५ सालीं स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, १९५४ च्या सुमारास, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं एका लहानशा तुकडीनें संगणक बांधावयास घेतला. आधीं नमुन्याचें छोटें यंत्र केलें. तें १९५६ सालीं चालू झालें. पूर्ण यंत्र १९६० सालीं कामास लागलें, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. त्यांत सुमारें २७०० निर्वात नळ्या होत्या. त्याची स्मृति प्रत्येकीं ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापानें अवघी १० किलोबाइट. मिरजगांवच्या त्या रखडणाऱ्या संगणकांत ४ गिगाबाइटची रॅम आहे; ती टिफ्रॅकच्या स्मृतीच्या चार लाखपटींहून अधिक भरते.

परंतु हें यंत्र पुरें होईपर्यंत निर्वात नळ्यांचें युगच मावळत आलें होतें. १९५९ सालीं आयबीएम कंपनीनें ट्रान्झिस्टरांवर चालणारें १४०१ हें यंत्र जाहीर केलें, आणि १९६१ सालीं तें मुंबईंतच एस्सो कंपनीच्या कचेरींत येऊन बसलें. टिफ्रॅक जन्मतःच वृद्ध होतें, असें कोणी म्हटलें तर त्यास खोटें पाडतां येणार नाहीं. मग नरसिंहन व त्यांचे सहकारी थांबले असते तर? १९६४ सालीं संस्थेनें सीडीसी ३६०० हें कितीतरी अधिक समर्थ असें अमेरिकन यंत्र आणलें. दहा वर्षें स्वस्थ बसले असते तरी तें यंत्र विकत मिळालेंच असतें. मिळालीं नसतीं तीं मधलीं दहा वर्षें. यंत्राची रचना कशी करावी, तें बिघडलें असतां दोष कोठें शोधावा, आज्ञावली कशी लिहावी, हें सारें ज्ञान त्या अवधींत टिफ्रॅकच्या भोंवतीं गोळा झालें. १९६५ सालीं भारतीय संगणक-सोसायटी स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष नरसिंहनच होते. यंत्र जुनें झालें. त्यावर मिळविलेली विद्या जुनी झाली नाहीं.

थांबणें आणि घेणें यांच्या मध्यें एक तिसरा मार्गही असतो. त्याचें उदाहरण पुण्याचें आहे. अमेरिकन महासंगणक अटींवांचून मिळत ना, तेव्हां १९८८ सालीं पुण्यांत 'सी-डॅक' ही संस्था निघाली. आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं तिनें 'परम ८०००' तयार केला. एकच प्रचंड यंत्र न बांधतां ट्रान्सप्युटर नांवाचे पुष्कळ लहान प्रोसेसर एकत्र जुंपावयाचे, अशी त्याची रचना होती. लवकरच त्याची शक्ति अपुरी वाटूं लागली. ट्रान्सप्युटरची पुढील पिढी, टी-९०००, ही जाहीर होऊनही वेळेवर हातीं येईना. तेव्हां सी-डॅकनें प्रत्येकीं चार जुन्या ट्रान्सप्युटरांस इंटेलचा आय-८६० हा नवा प्रोसेसर जोडून 'परम ८६००' सिद्ध केला. विशेष हें कीं, दोन्ही यंत्रांवरील आज्ञावलीचें वातावरण एकच ठेवल्यामुळें पहिल्यावर लिहिलेल्या आज्ञावल्या दुसऱ्यावरही चालत. जुनें सर्वस्वीं टाकावयाचें नाहीं आणि नव्यासाठीं हात जोडून बसावयाचें नाहीं. जेथें अडतें तेवढेंच अंग बदलावयाचें. आपल्याकडे घर बांधणारे हेंच करीत आले आहेत. वासा कुजला म्हणून कोणी वाडा पाडीत नाहीं.

आतां वडिलांच्या मताकडे पुन्हा वळूं. तें ज्या काळांत जन्मलें तो काळच आतां उरलेला नाहीं. घटक लहान होत गेले तरी त्यांतून निघणारी उष्णता आवरेना, तेव्हां २००४ सालीं इंटेलनें ४००० मेगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत सोडून दिला. पुढें २०२३ सालीं घरगुती प्रोसेसरनें ६००० मेगाहर्ट्झ गांठले; म्हणजे आधींच्या अकरा वर्षांत साठपट आणि नंतरच्या एकोणीस वर्षांत दुप्पटही नाहीं. एका प्रोसेसरांत अनेक गाभे बसवून आणि प्रत्येक ठोक्यास अधिक काम उरकून प्रगति चालू राहिली, हें खरें. पण जमाखर्च आणि निबंधलेखन यांस तिचा पूर्वींसारखा लाभ होत नाहीं. खगोलशास्त्रज्ञांच्या हिशेबांत दुपटीचा काळ १८ महिन्यांऐवजीं पांच वर्षें घालून पाहिला, तर २६ महिन्यांची मर्यादा सुमारें सव्वासात वर्षांवर जाते. एवढें दीर्घ काम कोणत्या गृहस्थाच्या घरीं असतें?

किंमत उतरत जाणार, ही समजूतही तितकीच तपासून घेण्यासारखी आहे. १९८८ सालीं स्मृतीच्या चिपांचा दुष्काळ पडून भाव चढले. २०११ सालीं थायलंडांत महापूर आला, तेथील कारखाने पाण्याखालीं गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडे चिपांचा ओघ वळल्यामुळें साध्या रॅमचे भाव पुन्हा भडकले. डिसेंबरांत मायक्रॉन कंपनीनें तर 'क्रुशियल' हा आपला किरकोळ विक्रीचा व्यापारच बंद करण्याचें जाहीर केलें. त्या वर्षीं उन्हाळ्यांत "दिवाळीला पाहूं" म्हणणाऱ्यानें दिवाळीनंतर अधिक दाम मोजले.

आणि थांबण्यासही एक मूल्य पडतें, जें पावतीवर छापलेलें नसतें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची नेहमींची सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. मागणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत तेवढी देऊं केली. विंडोज ११ साठीं इंटेलचा प्रोसेसर साधारणपणें आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा, लागतो. २०१५ सालचा संगणक त्या कसोटीस उतरत नाहीं. दुरुस्ती बंद झालेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणें म्हणजे कडी मोडलेल्या घरांत तिजोरी ठेवणें होय. त्या दिवशीं चोर येईलच असें नाहीं. पण घरमालक निर्धास्तही निजूं शकत नाहीं.

तेव्हां आमचा कौल कोणाच्या बाजूस? वडिलांचें मत १९९५ सालीं बरोबर होतें. आज कन्येचें अधिक बरोबर आहे. मात्र तिलाही आमची एक सूचना आहे. यंत्र मंद चालण्याचें कारण पुष्कळदां प्रोसेसर नसून जुनी फिरती हार्ड डिस्क असतें. तिच्या जागीं एसएसडी बसविली तर जुन्या संगणकांत नवा जीव येतो, आणि पुढें नवा संगणक घेतला तर हीच एसएसडी बहुधा त्यालाही जोडतां येते. उलट त्या काळची रॅम बहुधा डीडीआर ३ जातीची असते. ती आजच्या यंत्रांत बसत नाहीं, म्हणून तिच्यावर फार खर्च करूं नये. एसएसडी आणि विनामूल्य मिळणारी लिनक्स ही प्रणाली घालून तो संगणक अभ्यासासाठीं ठेवावा. दुकानाचे व बँकेचे व्यवहार मात्र दुरुस्ती चालू असलेल्या यंत्रावरच करावे, मग तें यंत्र साधें कां असेना. पहिला खर्च आज, दुसरा शक्य तितका लवकर. हा परम ८६०० चाच मार्ग आहे, फक्त घरगुती मापाचा.

कर्जत तालुक्याचा शेतकरी थांबण्यांत कच्चा नाहीं. रब्बीची ज्वारी पेरतांना तो पहिल्या सरीबरोबर तिफण बाहेर काढीत नाहीं. जमिनीस वाफसा येईपर्यंत थांबतो. पण वाफसा आल्यावर "पुढच्या नक्षत्राला याहून बरा पाऊस होईल" म्हणून तो ओटीवर बसून राहत नाहीं. कारण ओल उडाली कीं ती परत येत नाहीं, हें तो जाणतो. परीक्षेचें वर्ष ही तशीच ओल आहे. थांबणें हा गुण खराच. पण कशासाठीं थांबलों आणि कोठवर थांबणार, हें ज्यास सांगतां येत नाहीं, त्याच्या थांबण्यास धोरण म्हणत नाहींत.