गझालींची थैली

इमाम गझाली (१०५८-११११) तरुणपणी जुरजानला शिकून आपल्या गावी, तूसला परतत होते. वाटेत लुटारू आडवे आले. सगळे घ्या, पण टिपणांची थैली तेवढी द्या, ती तुमच्या काय कामाची, म्हणून गझालींनी सरदाराला विनवले. तो हसला. थैली गेली की इल्मही गेला, मग तू शिकलास काय? थैली मात्र त्याने परत केली. पुढची ३ वर्षे गझालींनी ती टिपणे पाठ केली, असे चौदाव्या शतकातले ताजुद्दीन सुबकी सांगतात.

आपल्याकडे किस्सा इथेच थांबवून पाठांतराचे गोडवे गातात. मला ते पटत नाही. गझाली १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात शिकवू लागले, पण लिहायचे थांबले नाहीत. आणि लुटारूने थैली दिलीच नसती, तर पाठ काय केले असते?