नावापुरता उरलेला द्वीपकल्प

स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या पश्चिम किनाऱ्यावर, 79 अंश उत्तर अक्षांशाजवळ, कोंग्सफियॉर्ड नावाची समुद्राची चिंचोळी शाखा वीसेक किलोमीटर जमिनीत शिरली आहे. तिच्या उत्तर अंगाला ब्लोमस्ट्रांडहाल्वोया हे डोंगराळ बेट आहे. नॉर्वेजियन भाषेत ‘हाल्वोया’ म्हणजे अर्धे बेट. मराठी ‘द्वीपकल्प’ही त्याच घडणीचा शब्द, त्यातल्या ‘कल्प’चा अर्थ ‘जवळजवळ’. 1861 च्या स्वीडिश मोहिमेत आलेले रसायनशास्त्रज्ञ ब्लोमस्ट्रांड यांचे नाव या भूभागाला आणि त्यामागच्या हिमनदीला मिळाले. नाव देणाऱ्यांची काही चूक नव्हती. हिमनदी या डोंगराला टेकलेली होती आणि बर्फाखाली काय आहे हे कोणाला दिसत नव्हते. 1990 च्या दशकात बर्फ इतका मागे सरला की मधली सामुद्रधुनी उघडी पडली. जवळजवळ बेट होते ते पूर्ण बेट झाले. नाव मात्र बदलले नाही.

याच ठिकाणी 1911 मध्ये अर्नेस्ट मॅन्सफिल्ड या इंग्रज खनिजशोधकाने संगमरवराची खाण सुरू केली आणि वस्तीचे नाव ठेवले न्यू-लंडन. घरे उभी राहिली, रूळ टाकले गेले, वाफेवरची यंत्रे आली. दगड मात्र दगाबाज निघाला. हजारो वर्षांच्या गोठण्याने तो आतून तडकलेला होता आणि उबदार हवेत नेल्यावर त्याचा भुगा होऊ लागला. 1920 च्या सुमारास सगळे ठप्प झाले. तिथली काही घरे पुढे समोरच्या काठावरच्या न्यू-ऑलेसुंडला हलवली गेली. गंजलेली यंत्रे अजून जागेवरच आहेत. मॅन्सफिल्डच्या काळातला नकाशा आज हाती घेतला, तर या खाणीच्या मागची बाजू ओळखू येत नाही.

ध्रुवीय प्रदेशात नकाशावरची किनाऱ्याची रेषा सगळीकडे जमिनीची नसते. जिथे हिमनदी थेट समुद्रात उतरते, तिथे ती रेषा म्हणजे बर्फाचा उभा कडा. वितळण्याचे काम या कड्यावर दोन बाजूंनी चालते. वरून उन्हाळ्याची ऊब लागते आणि पृष्ठभागावरचे पाणी भेगांतून तळाशी उतरते. खालून अटलांटिककडून येणारे तुलनेने कोमट, खारे पाणी पायथा कोरते. आधार गेला की वरचा भाग कोसळतो. फियॉर्डच्या आतल्या टोकाची क्रोनब्रेन ही स्वालबार्डमधल्या सर्वांत वेगवान हिमनद्यांपैकी एक. तिच्या तळातून निघणारे गोडे पाणी लाल वालुकाश्माचा गाळ घेऊन वर उसळते आणि मुखापाशी समुद्र विटकरी दिसतो. त्या उसळीबरोबर वर येणारे बारीक जीव टिपायला किटिवेक जातीचे कुरव थव्याने जमतात.

हिमनद्यांची ही माघार सरळ चालीची नाही. स्वालबार्डमधल्या बऱ्याच हिमनद्या अनेक दशके सुस्त राहून अचानक काही वर्षे पुढे झेपावतात. 1948 च्या सुमारास कोंग्सवेगेन अशीच पुढे आली होती. 2007 नंतर खुद्द ब्लोमस्ट्रांड हिमनदीनेही उचल खाल्ली. एखाद्या सालचा नकाशा किंवा छायाचित्र पाहून निष्कर्ष काढणारा इथे हमखास फसतो. शंभर वर्षांची नोंद जोडली की दिशा स्पष्ट होते. त्यासाठी मोनॅकोच्या राजाच्या खर्चाने गुन्नार इसाक्सेन यांनी 1906 आणि 1907 मध्ये केलेली पाहणी आणि 1936 सालची नॉर्वेची विमानातून काढलेली छायाचित्रे आजही उपयोगी पडतात.

बर्फ वितळला म्हणजे किनारा बुडाला, हे समीकरण इथे उलटे पडते. वितळलेल्या पाण्याने जगभर समुद्र चढतो, पण ज्या जमिनीवरचे ओझे उतरते ती हळूहळू वर येते. न्यू-ऑलेसुंडची जमीन वर्षाला सुमारे 8 मिलिमीटर उचलली जाते. मागे सरलेली हिमनदी तिच्या जागी गाळ, गोटे आणि गाडलेला बर्फ यांचे ढिले ढिगारे ठेवून जाते. आतला बर्फ वितळला की ढिगारा खचतो. लाटा बारीक गाळ उचलून नेतात आणि गोट्यांच्या चिंचोळ्या पट्ट्या, उथळ खाजणे घडवतात. उत्तर गोलार्धात 2000 ते 2020 या वीस वर्षांत हिमनद्या मागे सरल्याने सुमारे 2,500 किलोमीटर नवा किनारा उघडा पडला. त्यातला मोठा वाटा ग्रीनलँडचा.

न्यू-ऑलेसुंड हे मुळात कोळशाचे गाव. 1962 मधल्या स्फोटात 21 कामगार गेले, पुढच्या वर्षी खाण बंद झाली आणि त्या प्रकरणात नॉर्वेचे सरकारही कोसळले. नंतर गाव संशोधकांचे झाले. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्राचे ‘हिमाद्री’ हे ठाणे इथे 2008 मध्ये सुरू झाले. 2014 मध्ये ‘इंडआर्क’ ही उपकरणांची साखळी फियॉर्डच्या तळाला नांगरली गेली. हिमकड्याचा पायथा कोरणारे पाणी कधी आत शिरते, किती कोमट आणि किती खारे असते, हे तिच्या नोंदींतून कळते.

ब्लोमस्ट्रांडहाल्वोयाची पुनरावृत्ती याहून मोठ्या प्रमाणावर दक्षिणेत होऊ घातली आहे. हॉर्नसुंड फियॉर्डच्या दक्षिणेचा सोर्काप लँड हा प्रदेश स्पिट्सबर्गेन या मुख्य बेटाच्या उरलेल्या भागाला एका हिमपट्टीने जोडलेला आहे. 1899-1900 च्या स्वीडिश-रशियन मोजणीच्या वेळी ही पट्टी पंचवीसहून अधिक किलोमीटर रुंद होती. 2013 पर्यंत ती सहाएक किलोमीटरवर आली. रडारने बर्फाखालचा तळ पाहिला, तेव्हा तो समुद्रसपाटीच्या खाली निघाला. पट्टी वितळली की तिथे सामुद्रधुनी होईल आणि सोर्काप लँड वेगळे बेट होईल.